तणशीनंतरचं छप्पर

भंडारा जिल्ह्यात तणशीला तोटा नाही. तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत खरिपात जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या. दिवाळीच्या मागंपुढं कापणी, मग चुरणं-मळणी, आणि ते उरकलं की खळ्यात, गोठ्याशेजारी, मांडवावर तणशीचे ढीग. तरीही याच जिल्ह्यात तणशीनं शाकारलेलं राहतं घर आज शोधावं लागतं. तसा गोठा सापडेल, शेतातली जागलीची खोपडी सापडेल. माणसं राहतात त्या घरांवर मात्र पत्रा, स्लॅब, नाहीतर अजून तग धरून असलेलं कवेलू, म्हणजे मातीचं कौल. माल दारात पडलेला आणि छप्पर दुकानातून आणलेलं, असं का झालं? याचा उलगडा झाल्याशिवाय गवताच्या छपराला नैसर्गिक पर्याय कोणता, या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही.

हा बदल एकट्या भंडाऱ्याचा नाही. २००१ च्या जनगणनेत देशातल्या दर शंभर घरांपैकी सुमारे २२ घरांवर गवत, बांबू, लाकूड, माती असलं छप्पर होतं. २०११ मध्ये हा आकडा १५ वर आला. त्याच दहा वर्षांत कौलारू घरं ३३ वरून २४ वर उतरली आणि काँक्रीटची २० वरून २९ वर चढली. म्हणजे गवत गेलं आणि त्याची जागा घेऊ शकणारं मातीचं कौलही त्याच्यामागं निघालं. कौल हा गवताचा सर्वांत जुना, सर्वांत जवळचा नैसर्गिक पर्याय. तोच मागं पडत असताना नव्या पर्यायांची नुसती यादी करणं म्हणजे आजाऱ्याला न तपासता औषध देणं.

छपराच्या आधी शेत बदललं. जुन्या धानाची ताटं उंच असत. चिन्नोर, लुचई असले वाण छातीला लागायचे, वारा आला की लोळायचे, उताराही बेताचाच. पण त्यांची तणस लांब, सरळ आणि चिवट. पेंढ्या बांधून, मुळाकडची बाजू खाली ठेवून थरावर थर चढवला की पाणी धाटाच्या अंगानं घसरत वळचणीला यायचं. १९६० च्या दशकात तायचुंग नेटिव्ह-१ आला, १९६६ मध्ये आयआर-८ आणि १९६८ मध्ये ‘जया’. या ठेंगू वाणांनी भाताचं कोठार भरलं, त्याबद्दल तक्रार करण्याचा कुणालाच अधिकार नाही. पण ठेंगू धानाची तणसही ठेंगूच. पुढं मळणीयंत्र आलं, मागोमाग हार्वेस्टर. यंत्रातून निघालेली तणस चुरगळलेली, तुटकी; म्हशीपुढं टाकायला ठीक, आढ्यावर चढवायला कुचकामी. इंग्लंडमध्ये गव्हाच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. म्हणूनच तिथले छपरं शाकारणारे कारागीर आजही ‘मॅरिस विजन’सारखा जुना उंच वाण मुद्दाम पिकवून घेतात आणि जुन्या कापणीयंत्रानं, धाट न मोडता, काढून घेतात. तिथं जुन्या गवती घरांना वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे आणि शाकारणीचा खर्च पेलणारे मालकही आहेत. भंडाऱ्यात छपरासाठी चिन्नोर पेरा असं कोणी सांगितलं, तर शेतकरी त्याला पाणी पाजून वाटेला लावेल.

दुसरी गोष्ट हातांची. तणशीचं छप्पर दोन-तीन वर्षांत काळं पडतं, कुजतं, खाली बसतं. रोहिणी नक्षत्र लागलं की मृगाच्या आत ते उतरवून नवं करायचं, तेही आठ-पंधरा दिवसांत, कारण सगळ्या गावाचं काम एकाच वेळी निघतं. दोघं वर, चौघं खाली, पोरांनी पेंढ्या फेकायच्या, म्हाताऱ्यांनी दोर वळायचे. नांगरटीला जशी इर्जिक, तशीच ही देवाणघेवाण. आज तुझं घर, उद्या माझं. जपानमधल्या शिराकावा-गो या गावात अशाच पद्धतीला ‘युई’ म्हणतात. शंभर-दोनशे माणसं एकत्र येऊन एका घराचं छप्पर चढवतात. १९९५ पासून ते गाव जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळं ती माणसं जमतात तेव्हा बघायला पर्यटकही जमतात. आपल्याकडं ज्या हातांनी पेंढ्या फेकायच्या, ते हात मे महिन्यात नागपूरला किंवा त्याहून लांब बांधकामावर असतात आणि त्यांची मजुरी रोजावर मोजली जाते. फुकटच्या तणशीचं छप्पर मजुरी धरली की फुकट राहत नाही. वर उन्हाळ्यात एका चुलीच्या ठिणगीनं अख्खी ओळ पेटण्याची धास्ती. पत्रा जिंकला तो काही देखणा म्हणून नव्हे. एकदा ठोकला की दर रोहिणीला त्याच्याकडं वर बघावं लागत नाही, एवढ्याच गुणावर तो जिंकला.

आता कवेलूकडं. विदर्भाबाहेरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढं कौल म्हटलं की मंगलोरी कौल येतं, चपटं, खाचांचं, यंत्रावर दाबलेलं. विदर्भात त्याला इंग्रजी कवेलू म्हणतात. त्याचा कारखाना बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरला काढला आणि तिथून ते साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. देशी कवेलू वेगळं. ते चाकावर जन्माला येतं. कुंभार मडक्याचा माल लावतो तसाच मातीचा गोळा लावतो, पण बुड ठेवत नाही. वीतभर-दीडवीत उंचीची नळी उठवतो, एका तोंडाला जरा रुंद, दुसऱ्याला जरा अरुंद. ती ओली असतानाच दोऱ्यानं किंवा पातीनं समोरासमोर दोन उभ्या चिरा देतो, पण आरपार तोडत नाही. नळी सावलीत वाळते आणि मग हलकी टिचकी मारली की तिचे दोन अर्धे होतात. एका नळीची दोन कवेलू. अर्ध्या नळीच्या रुंद आणि अरुंद तोंडातच सगळी करामत आहे, कारण त्यामुळंच एक कवेलू दुसऱ्यावर थोडं चढतं आणि घसरत नाही.

माती कुठली, हा वैनगंगेच्या खोऱ्यात बिनमहत्त्वाचा प्रश्न नाही. इथला शेतकरी जमिनीला पाच-सहा नावांनी ओळखतो: कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बर्डी. कन्हार काळी, चिकट, धानाला आणि रब्बीला उत्तम, पण निव्वळ कन्हारीचं कवेलू वाळतानाच तडकतं. तीत रेताड माती, राख, लीद, धानाचा कोंडा मिसळून तिचा ताण मोडावा लागतो. दुसरा साठा तलावांचा. भंडारा तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव, आता गाळानं भरत आले आहेत. २०१७ पासून शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना चालू आहे. तिच्यातून निघणारा गाळ शेतात जातो, ते बरोबरच आहे. पण त्यातला चिकणमातीचा थोडा वाटा कुंभाराच्या आव्याकडं वळवायला काय हरकत आहे, हे या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकानं विचारायला हवं.

रचनेचंही बघण्यासारखं आहे. आढ्यावरून दोन्ही अंगांना लाकडी फाटे, त्यांच्यावर आडव्या बांबूच्या कमच्या, बांधायला पळसाच्या मुळ्यांचा वाख किंवा काथ्या. त्यावर कवेलूंची पहिली ओळ उताणी, पन्हळीसारखी. तिच्या सांध्यावर दुसरी ओळ पालथी. उताण्यातून पाणी वाहतं, पालथं सांधा झाकतं. ना चुना, ना खिळा. फटींमधून धूर बाहेर जातो, गरम हवा वर सरकून निघून जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कवेलूच्या घरात दुपारी निजता येतं. पत्र्याच्या घरात माणूस पंखा लावूनही ओसरीवर येऊन बसतो. आणि एक कवेलू फुटलं तर एकच बदलायचं. पावसाळ्यापूर्वी छप्पर उसकटून, फुटकी काढून, सरकलेली जागेवर बसवण्याला लोक कवेलू फेरणं म्हणतात. शाकारणीच्या मानानं ते हलकं काम, घरच्या दोन माणसांत उरकणारं.

आणि हे काही नवं नाही. नेवासे आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत सातवाहनकाळातली खाचा असलेली, खिळ्यासाठी भोकं पाडलेली भाजक्या मातीची कौलं निघाली आहेत. म्हणजे गवत की भाजकी माती, हा वाद महाराष्ट्रात दोन हजार वर्षांचा. भंडाऱ्यातही तितकं जुनं नगर आहे: पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी बौद्ध स्तूप उकरून काढला. वैनगंगेच्या काठानं इतक्या काळापासून माणसं राहत आली, तर डोक्यावर काय घ्यायचं याचा विचारही त्यांनी तेव्हापासूनच केला असणार.

मग इतकं गुणी कवेलू का हरलं? पहिलं कारण कोणत्याही अहवालात ठळक दिसायचं नाही, पण भंडाऱ्यातल्या कुठल्याही ओसरीवर विचारा, उत्तर तयार असतं: वानरं. कोका, नागझिऱ्याचं जंगल जवळ, गावात चिंचा-आंबे, परसात तुरी. वीस-पंचवीस लंगुरांचा कळप सकाळी एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या घरांचे आढे वापरतो. मोठ्या हुप्प्यानं एका उडीत केलेलं नुकसान दोन माणसं दोन तास भरत बसतात. पोरं तर मजा म्हणून कवेलू उचलून खालचे किडे बघतात आणि परत ठेवायचं काही त्यांच्या मनात नसतं. आढ्यावर बोरीच्या काट्या टाकून बघतात, कुत्रं पाळून बघतात, फटाके वाजवून बघतात. शेवटी पत्रा येतो. पत्र्यावर वानर नाचलं तर आवाज होतो, पाणी गळत नाही. पर्यावरणाच्या गप्पा मारणाऱ्यानं हे कारण हसण्यावारी नेऊ नये. ज्या नैसर्गिक छपराला वानराचं उत्तर नाही, ते छप्पर भंडाऱ्यात चालणार नाही.

दुसरं कारण लाकूड. कवेलू वजनदार आणि त्याचा भार पेलायला फाटे जवळजवळ लागतात. पूर्वी जंगलातून निस्तार हक्कानं बल्ल्या-बांबू मिळत. आता सागाचा एक फाटा घेणंही सामान्य घराला झेपत नाही आणि हलक्या लाकडाला वाळवी सोडत नाही. तिसरं कारण कुंभाराचं. कवेलूला गिऱ्हाईक गेलं तसा त्याचा आवा वर्षातून एकदा माठ आणि पोळ्याच्या बैलांपुरता पेटू लागला. आज एखाद्यानं ठरवलं तरी घरभर सारख्या मापाची कवेलू एकगठ्ठा कुठं मिळतील, हा प्रश्नच असतो. लोक जुनी, पडलेल्या घरांची कवेलू विकत घेतात.

चौथं कारण कागदाचं, आणि ते सर्वांत चीड आणणारं. जनगणनेच्या तक्त्यात हातानं केलेलं कौल आणि यंत्रानं केलेलं कौल अशा दोन वेगळ्या रकान्यांत छपरं मोजली जातात. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात हातकौल कच्च्या छपरांच्या बाजूला, गवत आणि प्लास्टिकच्या पंगतीला बसलं. यंत्राचं कौल आणि पत्रा पक्क्या बाजूला. पुढं प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणच्या याद्या याच सर्वेक्षणावर बेतल्या गेल्या. २० नोव्हेंबर २०१६ ला सुरू झालेल्या या योजनेत सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटर. गरिबाला हक्काचं घर मिळालं, हे मोठंच काम. पण जो माणूस कच्च्या छपरामुळं यादीत आला, तो अनुदानाच्या घरावर पुन्हा कवेलू कशाला घालील? कच्चं आणि पक्कं हे दोन शब्द सरकारी फॉर्ममधून गावच्या तोंडी आले आणि त्यांच्याबरोबर लाजही आली. सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा आता आधी छप्पर बघतो.

विदर्भातच याच्या नेमका उलट विचार झाला होता. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. हेच पुढचं सेवाग्राम. तिथलं आदिनिवास आणि नंतरची बापूकुटी, जी मुळात मीराबहेनसाठी बांधली होती, या दोन्ही वास्तू मातीच्या भिंती, बांबू-लाकडाचा सांगाडा आणि वर कवेलू अशा आहेत. घराचा माल जवळच्या पाच मैलांच्या टापूतून यावा, असा गांधीजींचा आग्रह होता. पुढं लॉरी बेकर या वास्तुरचनाकारानं तो आयुष्यभर डोक्यात ठेवून केरळात काम केलं. भंडाऱ्याला हा पाच मैलांचा नियम लावला तर हाती काय लागतं, बघा: चिकणमाती, बांबू, तणस, कोंडा, पळस, आणि भरपूर पाणी. सिमेंट नाही, लोखंड नाही. यादी वाईट नाही.

या यादीवर सगळ्यांत हुशारीचं काम वर्ध्यातच झालं. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी तिथं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभं केलं, आज ते दत्तपूरला आहे. त्यांनी शंकूच्या आकाराच्या कौलाचं छप्पर रुळवलं. कल्पना कवेलूच्या नळीचीच, फक्त ती चिरायची नाही. कुंभार चाकावर एका बाजूला निमुळती होणारी पोकळ नळी काढतो आणि ती तशीच भाजतो. मग चहाचे कागदी कप जसे एकात एक बसतात, तसं एका नळीचं निमुळतं टोक दुसरीच्या तोंडात घालत जायचं. खाली कमानीचा साचा धरलेला असतो. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नळ्यांची कमान पुरी झाली की साचा पुढं सरकवायचा आणि शेजारी दुसरी कमान. मधल्या खाचा मसाल्यानं भरून वर गिलावा. झालं पन्हळाकार छप्पर, ज्याला ना फाटा लागतो, ना मयाल, ना सळई.

या छपरानं भंडाऱ्याच्या दोन दुखण्यांवर एकदम बोट ठेवलं आहे. लाकूड नको, आणि वानराच्या हाती उचलायला काही लागत नाही, कारण नळ्या गिलाव्याखाली बंद. नळ्यांमध्ये कोंडलेली हवा ऊन अडवते. शिवाय कुंभाराचं चाक फिरतं राहतं. दुखणी दुसऱ्या बाजूलाही आहेत आणि ती लपवण्यात काही शहाणपण नाही. कमान भिंतींना बाहेर ढकलते, म्हणून भिंत जाड आणि पक्क्या पायाची हवी, नाहीतर आडवे ताण द्यावे लागतात. वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात गिलाव्याला गेलेली एक चीरही घरात टपटपते. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या पुरात मातीची घरं बसली. भिंत भिजून खचली की तिच्यावर काय होतं याला महत्त्व उरत नाही. आणि साच्यावर कमान चढवणारा गवंडी तयार करावा लागतो, तो आपोआप होत नाही.

तसं पाहिलं तर असली नळ्यांची छपरं जगात जुनीच. इटलीत राव्हेनाच्या सान व्हिताले चर्चचा घुमट सहाव्या शतकात मातीच्या नळ्या एकमेकींत अडकवून केलेला आहे. घुमट हलका व्हावा, एवढाच हेतू. आणि कमानीचं म्हणाल तर महाराष्ट्राला ती शिकायला कुठं जावं लागत नाही. मावळातल्या भाजे लेण्यातलं चैत्यगृह दुसऱ्या शतकाइतकं, तेही ख्रिस्तपूर्व, जुनं. त्याचं छत म्हणजे वाकवलेल्या लाकडी फासळ्यांवरच्या गवती छपराची दगडातली नक्कल. फासळ्या तर खऱ्याच लाकडाच्या लावल्या आहेत.

बांबूचा विचार वेगळा करायला हवा, कारण तो छप्परही होतो आणि छपराखालचा सांगाडाही. पूर्व विदर्भात दोन मुख्य जाती: मानवेल, म्हणजे भरीव, बारीक, काठीसारखा, आणि कटांग, पोकळ, जाड, काटेरी. फाट्यांसाठी दोन्ही चालतात, पण तोडल्यापासून वर्षभरात भुंगा लागून पीठ गळू लागलं की माणूस पुन्हा लोखंडी पाइपकडं वळतो. उपाय जुना आहे: थंडीत, रस कमी असताना पक्का बांबू तोडायचा आणि महिनाभर तलावात बुडवून ठेवायचा. त्यातली साखर-पिष्ट धुऊन निघालं की किड्याला खायला काही उरत नाही. नवा उपाय बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याचा. तलावांच्या जिल्ह्याला पहिला उपाय शिकवावा लागू नये.

कायद्याची आडकाठीही आता बरीच कमी झाली आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेच्या हाती केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक आलं. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे धुऱ्यावर लावलेला कटांग तोडून गाडीत घालायला शेतकऱ्याला आता परवाना लागत नाही. बांबूच्या बांधकामाची बुद्धीही विदर्भातच वाढली. नागपूरचे वास्तुरचनाकार विनू काळे यांनी बांबूचं वेड लावलं. त्यातूनच मेळघाटात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांचं संपूर्ण बांबू केंद्र उभं राहिलं. तिथं कोरकू तरुण घरं बांधायला शिकले. बंगळुरूच्या प्लायवुड संशोधन संस्थेनं बांबूच्या तट्ट्यांचे थर दाबून पन्हळी पत्रे केले आहेत. दिसायला पत्र्यासारखे, ठोकायलाही तसेच, पण उन्हात कमी तापणारे. त्यातला डिंक मात्र कारखान्यातलं रसायन आहे, तेव्हा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असा शिक्का मारायला जरा दमानं घ्यावं. असे पत्रे भंडाऱ्याच्या बाजारात सहज मिळत नाहीत. आणि इथला बुरूड ज्या वेगानं सूप-टोपल्यांसाठी कमच्या काढतो, तो वेग पाहिला की तट्ट्यांचा पुरवठा ही अडचण वाटत नाही. अडचण त्या दाबयंत्राची आहे.

गवताला गवताचाच पर्याय, हाही रस्ता आहे. तणशीपेक्षा कुसळी गवत टिकाऊ, वैनगंगेच्या रेतीतलं काँस त्याहून बरं. तेल असलेल्या तिखाडीला किडा कमी लागतो. युरोपात पाणथळीतलं नळाच्या जातीचं गवत कापून छपरावर घालतात आणि ते तीस-चाळीस वर्षं काढतं. डेन्मार्कच्या लेसो बेटावर तर समुद्रातल्या गवताची हातभर जाड छपरं आहेत. १९३० च्या दशकात त्या गवतावर रोग पडला आणि कारागिरीच आटली. एका वनस्पतीवर अख्खं गावठाण टांगून ठेवल्याचा तो धडा आहे. भंडाऱ्यातली गवताची छपरं आता पर्यटक निवासांत आणि ढाब्यांवर दिसतात. तिथं ती शोभून दिसतात आणि आगीचा विमा मालक भरतो. राहत्या घरासाठी त्यांची शिफारस करताना चूल आणि विजेची वायर कुठून जाते हे आधी बघावं.

राहिला पत्रा. तो जाणार नाही, हे मान्य करूनच पुढं बोललेलं बरं. ज्यानं कर्ज काढून पत्रे घातले, त्याला ते उतरवायला सांगणं क्रूरपणा. पण पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचा तट्टा बांधला, त्यावर शेण-मातीचा लेप दिला आणि वरच्या पोकळीतून हवा जायला दोन्ही टोकांना वाट ठेवली, तर दुपारचा ताप बराच उतरतो. जुन्या घरांतला मातीचा माळा हेच काम करत होता. काही घरं उन्हाळ्यात पत्र्यावर तणस किंवा तुराट्या पसरतात, पाऊस यायच्या आत काढून जनावरांना घालतात. छपरावरून हाकललेली तणस चार महिन्यांसाठी का होईना, छपरावरच परत आलेली असते. तट्ट्याचा खर्च पंख्याच्या किमतीत बसतो आणि माणसं गावातलीच लागतात.

या सगळ्यांतून कोणतं छप्पर कुणासाठी, हे घर बघून ठरवायचं. लाखांदूरकडं पुराच्या पाण्यात उभं राहणारं घर, कोक्याजवळ वानरांच्या वाटेवरचं घर आणि गोसेखुर्द धरणाच्या पुनर्वसन वसाहतीतलं ओळीनं बांधलेलं घर, या तिघांना एकच नकाशा देणं हा सरकारी आळस झाला. केंद्र सरकारनं ‘पहल’ नावानं वेगवेगळ्या प्रदेशांसाठी ग्रामीण घरांचे आराखडे छापले, त्यांत स्थानिक मालाला जागा दिली, आवास योजनेतून गवंड्यांना प्रशिक्षण द्यायची तरतूदही केली. तेव्हा कामाची सुरुवात तालुक्याच्या गावी करता येईल. साकोलीत किंवा पवनीत दहा गवंडी, पाच कुंभार, पाच बुरूड एकत्र बसवून एकच २५ चौरस मीटरचं घर उभं करायचं: भिंत त्यांच्या पसंतीची, वर शंकूच्या नळ्या, ओसरीला मानवेलीचे फाटे आणि देशी कवेलू. एक पावसाळा जाऊ द्यायचा. गळतं कुठं, तडकतं कुठं, हुप्प्या कुठं उडी मारतो, हे त्याच वीस जणांनी टिपायचं आणि पुढच्या रोहिणीला दुसऱ्या घराचा पाया खणायचा.